मेस्त्री बाईची उजळणी

मेस्त्री बाईला काही म्हणजे काही सांगायची सोय नव्हती. तुम्ही सहज म्हणालात, "काय उकडतंय गं आज," की तिचा प्रश्न, "किती?" तुम्ही म्हणालात, "तिसरीच्या वर्गात उंदीर आहे," की ती विचारणार, "बघितलास?" नाही बघितला, शिपाई म्हणाला, असं कबूल केलंत की संपलं, तुमचा उंदीर रद्द. एकदा स्टाफरूममध्ये आम्ही चौघी एका बाईच्या पळून गेलेल्या मुलीबद्दल अगदी रंगात येऊन बोलत होतो. तेवढ्यात ही वह्यांच्या गठ्ठ्यातून मान वर करून म्हणाली, "तुम्ही बघितलंत?" झालं! चौघींचे चहाचे कप जागच्या जागी थांबले. चांगल्या चाललेल्या गप्पांचा विचका करून ही पुन्हा वह्या तपासायला मोकळी. मला असा राग आला होता म्हणून सांगू!

आमची शाळा लालबागची, मराठी माध्यमाची. मी भाषा शिकवते, ती चौथीला विज्ञान शिकवायची. पुस्तकावर 'परिसर अभ्यास' असं छापलेलं असतं, पण ती विज्ञानच म्हणायची. बावीस वर्षं आमची टेबलं शेजारी शेजारी होती. मी गिरगावात वाढलेली, शुद्धलेखनाला जपणारी, आणि ती मूळची मालवणची. वर्गात अगदी पुस्तकासारखं बोलायची, पण आनंद झाला की मालवणी फुटायची. आणि आनंद तिला दिवसातून सहा वेळा तरी व्हायचा. भिंतीतून पिंपळाचं रोप आलं, झाला आनंद. नळाला पाणी येण्याआधी हवेचा फुसकारा आला, झाला आनंद. बुटकी, सावळी, चष्मा दोरीने गळ्यात, साडीचा पदर कायम कमरेला खोचलेला, जशी काही आत्ताच कोणाशी भांडायला निघाली आहे.

तिच्या वर्गात एक नियम होता, तो मी दुसऱ्या कुठल्याही शाळेत बघितलेला नाही. आमच्याकडे चौथीपर्यंत मुलांनी शिसपेन्सिलीनेच लिहायचं. पेन मिळतं पाचवीत, आणि त्या पेनासाठी पोरं कशी जीव टाकतात ते प्राथमिकच्या कुठल्याही बाईला विचारा. मेस्त्री बाईने चौथीतच पेन दिलं होतं, पण एका अटीवर. जे ऐकलं किंवा वाचलं ते पेन्सिलीने लिहायचं. जे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं ते पेन्सिलीचं खोडून पेनने लिहायचं. म्हणजे 'पाणी तापवलं की वाफ होते' हे पहिल्या दिवशी पेन्सिलीने. शाळेच्या मागच्या टपरीवर जाऊन चहावाल्याच्या पातेल्यावरची वाफ बघून आलं की पेनने. तिच्या वर्गातली पोरं मधल्या सुट्टीत वह्या उघडून एकमेकांना दाखवायची. "माझी पेनची सतरा वाक्यं झाली!" "माझी एकोणीस!" मी व्याकरण शिकवून शिकवून मेले, माझ्या विषयाबद्दल असं कोणी कधी ओरडलं नाही.

ऊर्जेचा धडा आला की ती सगळा वर्ग घेऊन मसाला गल्लीत जायची. मार्च-एप्रिल म्हणजे तिथे वर्षाच्या मसाल्याची नुसती धांदल. मिरच्या भाजताहेत, धणे भाजताहेत, आणि मसाला कुटायची ती लोखंडी मुसळांची यंत्रं, डंख, धाडधाड वरखाली होताहेत. ही पोरांना रांगेत उभं करून भिंतीला हात लावायला सांगायची. "वीज तारेतून आली. मग गेली कुठे? शोधा!" पोरं शोधायची. कोणी ओरडायचं, "बाई, मुसळात गेली!" कोणी, "बाई, आवाजात!" कोणी नुकत्याच कुटलेल्या मसाल्याच्या डब्याला हात लावून, "बाई, मसाला गरम झालाय! इथे पण गेली!" आणि सगळा वर्ग शिंकतोय, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. त्या शिंकांमध्ये ही बया आनंदाने टाळ्या वाजवत उभी.

तिच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी त्या वर्गात सिद्धी तावडे म्हणून मुलगी होती. बारीक चणीची, हट्टी, एक प्रश्न धरला की दिवसभर सोडायची नाही. तिने विचारलं, "बाई, माझी आई इथे मिरच्यांची देठं काढते. तिच्या हातात ऊर्जा कुठून येते?"

"सकाळी काय खाल्लं आईने?"

"भाकरी."

"भाकरी कशाची?"

"तांदळाची."

"तांदूळ कशावर वाढला?"

सिद्धीने जरा विचार केला. "उन्हावर?"

"मग तुझी आई कशावर चालते?"

दुसऱ्या दिवशी सिद्धीची आई शाळेच्या दारात हजर. "बाई, पोरगी काल घरी येऊन सांगते, आई तू उन्हावर चालतेस. मी म्हटलं, दिवसभर पायाला भिंगरी लावून फिरते ती काय उन्हावर? हे काय शिकवता तुम्ही?" मी म्हटलं, आता भांडण होणार. मेस्त्री बाईने तिला आत बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि भाकरीपासून सूर्यापर्यंत नेऊन आणलं. जाताना ती बाई हसत होती. जिन्यात मला म्हणाली, "म्हणजे हापूस खाल्ला तरी ऊनच खाल्लं म्हणा की!"

सजीवांच्या धड्यात मात्र तिने माझी अब्रू घालवली, ती गोष्ट मी अजून विसरलेले नाही. माझ्या डब्यातली एक पोळी नाहीशी झाली होती. मला वाटलं, मीच कमी आणली. नऊ दिवसांनी तपासणीला अधिकारी आले. भारदस्त गृहस्थ, हातात फाईल. त्यांनी विज्ञानाचं कपाट उघडायला सांगितलं. आत काचेची बरणी, बरणीत हिरवं-काळं केसाळ काहीतरी, आणि बरणीवर चिठ्ठी, मुलांच्या अक्षरात, पेनने: 'वैद्य बाईंची पोळी. दिवस नववा. जिवंत आहे.'

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. "वैद्य बाई कोण?"

मी काय सांगणार, कपाळ! पण मेस्त्री बाई पुढे सरसावली. "साहेब, पोळी निर्जीव, तिच्यावरची बुरशी सजीव. जरा जवळून बघा ना." आणि त्यांच्या हातात भिंग दिलं. पाच मिनिटं ते गृहस्थ बरणीला नाक लावून बसले होते. नंतर म्हणाले, "हे मी प्रथमच बघतोय." ती माझ्याकडे वळून इतकी खूश होऊन हसली की मला रागावताही येईना. तरी मी आठवडाभर डबा कुलपात ठेवत होते.

वर्षाच्या शेवटी ती उजळणी घ्यायची, तीसुद्धा जगावेगळी. ऊर्जा, पृथ्वी, सजीव, तिन्हींची. पण उत्तरं मुलांनी द्यायची नाहीत. मुलांनी विचारायचं आणि मोठ्यांनी सांगायचं. आई-बाप, शेजारी, पोस्टमन, जो सापडेल तो. "समोरच्याचं उत्तर बरोबर की चूक हे कळायला आपल्याला जास्त यावं लागतं," असं तिचं म्हणणं. एरवी मुलांवर डाफरणारे बाप त्या दिवशी लाल होऊन उभे असायचे आणि पोरगी कमरेवर हात ठेवून विचारायची, "पप्पा, बटाटा सजीव की निर्जीव? नीट विचार करून सांगा."

गेल्या वर्षी ती रिटायर व्हायची होती, मे अखेर. त्याच सुमारास आमच्या नव्या मुख्याध्यापिका आल्या, देसाई मॅडम. वाईट बाई नव्हत्या, उलट कामाला वाघ. पण त्यांना सगळं कागदावर लागायचं. त्यांनी सरावाच्या छापील पुस्तिका आणल्या, योग्य पर्यायावर खूण करा, जोड्या लावा, त्यातल्या. एके दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मेस्त्री बाई, तुमच्याबद्दल मला आदर आहे. पण तुम्ही गेल्यावर ही उजळणी कोण घेणार? मुलांना रस्त्यावर न्यायचं, पालकांना अडवायचं, जबाबदारी कोणाची? पुस्तिका बऱ्या. पुढच्या वर्षीपासून चौथीलाही पुस्तिकाच."

मेस्त्री बाईचा चेहरा पडला. मी तो तसा कधी बघितला नव्हता. "मॅडम, एकदा बघा तरी," ती म्हणाली.

देसाई मॅडमनी जरा विचार केला. "ठीक आहे. पालकांना बोलवा, मी पण येते. त्यांना पटलं तर उजळणी वेळापत्रकात लिहून घालते, कायमची. तुमच्या जागी जी येईल तिला ती घ्यावीच लागेल. नाही पटलं तर पुस्तिका. आणि मग कुरकुर नाही."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय दाखवणार आहेस?"

"सावली नाहीशी करून दाखवणार."

मला वाटलं, हिला उन्हाचा त्रास झाला. मग तिने सांगितलं. मुंबईत वर्षातून दोन दिवस सूर्य अगदी बरोबर डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी जाते, दिसतच नाही. एक दिवस जुलैअखेर, तो ढगात जातो. दुसरा मेच्या मध्यात, स्वच्छ उन्हात. "दुपारी बाराला सावली गायब! पोरं तीस वर्षं वहीत लिहितायत."

"पेनने?"

तिने चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळली. मग हळूच म्हणाली, "पेन्सिलीने. तेवढं एकच वाक्य आहे बघ, अख्ख्या वर्षातलं. बाकी सगळं दाखवलं."

"तीस वर्षांत एकदाही नाही बघितलंस? तू?"

"अगो, मे महिन्यात लालबागेत असता कोण? गावाक नाय जायचा? आणि मालवणात तो दिवस आधीच येऊन जातो. मी पोचेपर्यंत गेलेला."

खरंच होतं ते. शाळा सुटली की आमचं अर्धं लालबाग कोकणात. फणस, आंबे, लग्नं, सगळं तिकडे. आपल्याच गच्चीवर सूर्य डोक्यावर येतो ते बघायला इथे कोणी उरतच नाही.

त्या वर्षी तिने आपलं गावचं तिकीट पुढे ढकललं. घरोघर जाऊन पालकांना विनवलं, चार दिवस थांबा. चौतीसपैकी अकरा मुलं थांबली. सिद्धी त्या अकरांत होती, बापाशी दोन दिवस अबोला धरून.

गच्ची मेस्त्री बाईच्याच चाळीची, मसाला गल्लीच्या तोंडावरची. तिथे बायकांनी जुन्या साड्यांवर कुरडया आणि मिरच्या वाळत घातलेल्या. त्या सरकवायला ती प्रत्येकीची मनधरणी करत होती. मधोमध तिने नळाचा कमरेएवढा पाइप उभा केला आणि गवंड्याचा ओळंबा लावून तो बरोबर सरळ आहे की नाही ते दहा वेळा तपासलं. एका बाजूला ताडपत्री बांधली, खाली पाण्याचा माठ. अकरा मुलं टोप्या घालून, खिशात पेन घेऊन आली. त्यांचे आई-बाप आणि चाळीतली माणसं धरून तीसेक जण असतील. देसाई मॅडम वाटेत डंखावर आपल्या मिरच्या टाकून आल्या होत्या, तिथे नंबर लागला होता.

पहिला तास काय सांगू, नुसती धमाल! सिद्धीचे वडील टॅक्सी चालवतात. सिद्धीने त्यांनाच उभं केलं. "पप्पा, तुमची गाडी कशावर चालते?"

"सीएनजीवर."

"सीएनजी कशाचा झाला?"

"कशाचा म्हणजे? पंपावर मिळतो."

गच्चीत हशा पिकला. "जमिनीखाली कसा आला?" पोरगी सोडायला तयार नाही. बापाने डोकं खाजवलं. मग तिनेच त्यांना हाताला धरून नेलं, कोट्यवधी वर्षांमागे मेलेल्या जीवांपर्यंत, आणि ते जीव कशावर जगले तिथपर्यंत. "म्हणजे तुमची टॅक्सीपण उन्हावरच चालते." त्या माणसाने हात जोडले. "बाई, हिला आता घरी नेऊ कशी?" देसाई मॅडमसुद्धा हसल्या. मी मनात म्हटलं, जिंकलो.

मग पावणेबारा झाले. मेस्त्री बाईने पाइपाच्या सावलीच्या टोकाला खडूने खूण केली. सिद्धीच्या हातात खडू दिला. दर पाच मिनिटांनी एक खूण. सगळे गोल करून उभे राहिले. सावली आखडत होती, ते दिसत होतं. "बाराला बघा," मेस्त्री बाई म्हणाली.

बारा वाजले. देसाई मॅडमच्या मोबाइलवर वाजले, मग प्रत्येकाच्या मोबाइलवर वाजले.

सावली तिथेच होती. जवळजवळ वीतभर. काळी, स्पष्ट, सगळ्यांना दिसेल अशी.

"होईल, होईल," कोणीतरी म्हणालं. बारा एक. बारा दोन. "बाई, ओळंबा चुकला असेल." तिने ओळंबा पुन्हा लावला. बरोबर होता. बारा पाच. एक बाई शेजारणीला म्हणाली, हळू, पण ऐकू जाईल इतपत, "ह्याच्यासाठी तिकीट फिरवलं आम्ही?" कोणी एक हसला, मग चार जण हसले. वाईट हसणं नव्हतं ते, पण मला त्या सगळ्यांना गच्चीवरून ढकलून द्यावंसं वाटलं. माझी मैत्रीण तीस वर्षांच्या नोकरीच्या शेवटी भर उन्हात उभी होती आणि ती वीतभर सावली काही हलत नव्हती.

देसाई मॅडम जवळ आल्या. अगदी सौम्यपणे म्हणाल्या, "बाई, मुलं उन्हात आहेत. पुरे आता."

मेस्त्री बाई वळली. सगळ्यांकडे बघून मोठ्याने म्हणाली, "माझं चुकलं. मी हे कधी बघितलं नव्हतं. न बघता सांगितलं." माणसं जिना उतरायला लागली. देसाई मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याही गेल्या, खाली, आपल्या मसाल्याकडे. मला कळलं, पुस्तिका आल्या.

ती मुलांकडे गेली. "वह्या काढा. ते वाक्य खोडा."

दहा मुलांनी खोडरबर काढले. सिद्धी गुडघे टेकून पाइपाजवळच बसली होती. "बाई, मी नाही खोडणार."

"सिद्धी, चुकलंय ते."

"बाई, ती अजून छोटी होतेय."

"काय?"

"ही बाराची खूण. ही बारा पाचची. ही आत्ताची. दर वेळी एक बोट आणि थोडं. थांबलीच नाहीये ती." तिने खुणांमध्ये बोटं ठेवून मोजून दाखवलं. "बाराला सात खुणांचं अंतर उरलं होतं. दोन झाल्या. पाच उरल्या."

मेस्त्री बाई तिच्या शेजारी बसली, साडी धुळीत गेली तरी पर्वा न करता. कमरेचा पदर सुटला होता. त्या खडूच्या रेघांमध्ये तिने स्वतः बोटं ठेवून बघितली. मग तिच्या तोंडून निघालं, "अगो बाय माझे!"

आता तिला ओळखणाऱ्या माणसाला त्या तीन शब्दांवरून कळलं असतं की काय झालंय. तिच्या डोळ्यांत ती वाफेची, मसाल्याची, बुरशीची चमक आली. मुलांना तिने ताडपत्रीखाली बसवलं, पाणी पाजलं, आणि एकेकाला पाळीपाळीने खूण करायला सोडलं. बारा पंधरा. बारा वीस. सावली चार बोटं. मी, जिला विज्ञानाचं काडीचं वेड नाही, मी त्या पाइपासमोर हात जोडून मनात म्हणत होते, जा गं बाई, जा एकदाची! बारा पंचवीस. तीन बोटं. बारा तीस. एक बोट. पोरं ताडपत्रीबाहेर सरकत सरकत आली. बारा तेहेतीस. नखाएवढी.

आणि मग नाही! पाइप उभा, ऊन रणरणतंय आणि खाली सावलीच नाही! सिद्धीने पाइप तसाच सरळ दोन बोटं वर उचलला. ऊन सरळ आतून जाऊन गच्चीच्या फरशीवर गोल पडलं होतं. "गेली! बाई, गेली!" अकराच्या अकरा पोरं नाचायला लागली. आणि मेस्त्री बाई, अठ्ठावन्न वर्षांची बाई, कठड्याकडे धावली. मी मागे. खाली मसाला गल्ली उन्हाने भरून गेलेली, एरवी त्या अरुंद गल्लीत ऊन तळापर्यंत पोचत नाही. देसाई मॅडम डंखाच्या दाराबाहेर मसाल्याचा डबा घेऊन उभ्या. बाकीचे पालक सरबताच्या गाडीपाशी.

"मॅडम!" मेस्त्री बाई ओरडली. "मॅडम, पायाकडे बघा! सगळ्यांनी खाली बघा!"

मुलं कठड्याला लागून ओरडायला लागली, "खाली बघा! खाली बघा!"

गल्लीतली माणसं आधी वर बघायला लागली, आता वरून काही पडतंय की काय म्हणून. मग खाली बघायला लागली. सरबताच्या गाडीची सावली गाडीच्या पोटाखाली शिरली होती. दिव्याच्या खांबाला सावलीच नव्हती. डंखवाला बाहेर आला, स्वतःभोवती गोल फिरला आणि ओरडला, "च्यायला, माझी सावली खंय गेली?" देसाई मॅडम डबा हातात धरून आपल्या चपलांकडे बघत होत्या. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, मागे वळून बघितलं. मग त्या वर बघायला लागल्या, आमच्याकडे, तोंड उघडं.

मिनिटभर ते टिकलं असेल, फार तर दोन. मग खांबाच्या बुडातून, दुसऱ्या बाजूने, एक बारीक काळी कड बाहेर आली.

देसाई मॅडम तीन मजले धापा टाकत वर आल्या, मसाल्याच्या डब्यासकट. त्यांच्यामागे पालक. मला वाटलं, आता कौतुक करतील. त्यांनी वर आल्या आल्या विचारलं, "पण बारा पस्तीसला का? बाराला का नाही?"

मेस्त्री बाईने दोन्ही हात वर केले. "माका म्हायत नाय!" काय आनंदाने म्हणाली ती ते! "मॅडम, माका म्हायत नाय! शोधूया ना!"

आणि मग ती सगळी माणसं, टॅक्सीवाला, त्याची बायको, मुख्याध्यापिका, चाळीतल्या बायका, ताडपत्रीखाली नकाशा पसरून त्याच्याभोवती बसली. अर्ध्या तासाने सापडलं. आपलं घड्याळ मुंबईचं नाहीच. ते सगळ्या देशाचं, दूर पूर्वेकडच्या रेषेवर लावलेलं. तिथे बारा वाजतात तेव्हा सूर्य अजून आपल्याकडे यायचा असतो. देसाई मॅडमनी तिथेच वही काढून लिहिलं, 'चौथी, गच्चीवरची उजळणी, मेच्या मध्यात.' मग पेन थांबवून विचारलं, "वेळ काय घालू?" पोरं एका सुरात ओरडली. वेळापत्रकात आजही ते आहे, मी बघितलंय. यंदा नव्या बाईने घेतली.

सगळे खाली गेल्यावर मी तिला मिठी मारली. म्हटलं, "मेस्त्री, जिंकलीस गं!" तर हिचं लक्षच नाही. डोळे कुठेतरी लागलेले. "वैद्य," ती म्हणाली, "तीस वर्षांची पोरं गो. त्यांना मी बारा सांगितलंय. ती सगळी चुकीचं घेऊन फिरतायत."

"अगं, चौथीतली गोष्ट. कोणाला आठवतंय?"

"मी सांगितलंय ना."

आणि ती कामाला लागली. रिटायर झालेली बाई, गावाला जाऊन निवांत बसायचं सोडून लालबाग-परळ पालथं घालायला लागली. मासळी बाजारात कोळणीला गाठलं. दवाखान्यात रांग लावून डॉक्टरला गाठलं आणि नाडी बघायला हात पुढे न करता सांगितलं, "अरे, तुला मी चौथीत चुकीचं शिकवलं." फोनवर, लग्नात, गणपतीच्या वर्गणीला आलेल्या मुलांना. कोणी हसलं, कोणी पाया पडलं. एकाने म्हणे तिच्यासमोर मोबाइल काढून सगळ्या वर्गमित्रांना कळवलं. एवढं करून गणपतीनंतर ती कायमची मालवणला गेली. आता फोनवर भेटते, आणि मी "बरी आहे" म्हटलं की विचारते, "म्हणजे कशी?"

तिला असं कोणाला गाठताना मी स्वतः बघितलं ते एकदाच, ती मालवणला जायच्या आधी, जुलैअखेर. शाळेच्या कामाने मी बँकेत निघाले होते, दुपारचे पाऊण वाजत आलेले. चार दिवस आभाळ गच्च होतं आणि त्या दुपारी ते मधेच फाटून ऊन पडलं. परळच्या नाक्यावर सिग्नलपाशी मला खोचलेला पदर दिसला. तिने एका ट्रॅफिक हवालदाराचं मनगट धरलं होतं. चाळिशीला टेकलेला, पोट सुटलेला, मिशा पिकायला लागलेल्या. आणि तो मान खाली घालून ऐकत होता. मी जवळ गेले तेव्हा ती म्हणत होती, "बारा नाही रे बाळा. माझं चुकलं होतं. आणि रोज थोडी बदलते ती वेळ. आज बारा पंचेचाळीस."

"बाई," तो हवालदार म्हणाला, "मी तर ते केव्हाच विसरलो होतो."

"मी नाही ना विसरले."

सिग्नल सुटला, गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. त्या माणसाने हात वर करून दोन्हीकडची रहदारी थांबवली, टोपी काढली आणि आपल्या बाईंच्या शेजारी उभा राहून खाली, पायांकडे बघायला लागला.